अडकणारा प्रीव्ह्यू आणि ‘फुल’चा हट्ट

व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात एक मत इतकं रुळलेलं आहे की त्याला कुणी मत म्हणतच नाही. टाइमलाइन अडकत चालली, तर मशीन कमी पडतंय. मशीन कमी पडतंय, तर ग्राफिक कार्ड बदला. कार्ड बदलायची ऐपत नसेल, तर प्रीव्ह्यू अर्ध्यावर नाहीतर पावावर आणा, प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलींच्या हलक्या प्रती, बनवा आणि मन मारून काम करा. थोडक्यात, फुल रिझोल्यूशनवर काम करतो तो खरा एडिटर आणि प्रॉक्सीवर करतो त्याच्या खिशात पैसे नाहीत. लग्नाच्या फिल्म कापणाऱ्यांपासून मालिकांच्या एडिट रूमपर्यंत हेच ऐकू येतं. कॉम्प्युटर विकणाऱ्याला तर ते सोयीचंच असतं.

मला हे मत मुळातच उलटं वाटतं. कापाकापीच्या वेळी प्रीव्ह्यूचा दर्जा आधी वेळेवर ठरतो, तपशिलावर नंतर. जो फ्रेम ज्या क्षणी दिसायला हवा त्याच क्षणी तो दिसला पाहिजे. तो किती लखलखीत दिसला हा पुढचा प्रश्न.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनं मांडू, कारण दुबळा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. तो म्हणतो, जे दिसत नाही त्याचा निवाडा करता येत नाही. फोकस नाकावरून कानावर घसरला असेल, अंधारातल्या शॉटमध्ये नॉइज खदखदत असेल, शालूच्या बारीक जरीवर नको त्या लहरी उठत असतील, तर पाव दर्जाच्या चित्रात यातलं काहीच कळणार नाही आणि मोठ्या पडद्यावर सगळं उघडं पडेल. दुसरं, प्रॉक्सी करण्यात वेळ जातो, डिस्क भरते. तिसरं, आजची मशीन तगडी आहेत, मग जुन्या काळच्या युक्त्या कशाला? हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र निघत नाही.

अडखळण्याचं कारण आधी पाहू, कारण सगळी गफलत तिथून सुरू होते. आपल्याकडे टीव्हीचा रिवाज सेकंदाला २५ फ्रेमचा. म्हणजे एक फ्रेम उलगडून, त्यावर रंग, टायटल, इफेक्ट चढवून पडद्यावर आणायला मशीनला ४० मिलिसेकंद मिळतात. फ्रेम जर आपापला स्वतंत्र असता तर हे फार अवघड नव्हतं. पण कॅमेरे आणि फोन ज्या एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये शूट करतात, त्यात बहुतेक फ्रेम स्वतंत्र नसतातच. ती मांडणी वाण्याच्या खतावणीसारखी असते. पहिल्या तारखेला पूर्ण शिल्लक लिहिलेली, पुढे रोजची फक्त जमा आणि नावे. तेवीस तारखेची शिल्लक हवी तर पहिलीपासून बेरीज करत या. इथे पूर्ण लिहिलेला फ्रेम म्हणजे आय-फ्रेम. त्यापुढचे पी-फ्रेम मागच्याशी असलेला फरक सांगतात आणि बी-फ्रेम तर मागचा आणि पुढचा असे दोन्हीकडचे फ्रेम धरून बसतात. गट किती फ्रेमचा ते कॅमेऱ्यागणिक बदलतं. बारा फ्रेमचा धरला, तरी अकरावा फ्रेम दाखवायचा तर त्याच्या आधीचे बहुतेक सगळे उलगडावे लागतात.

एच.२६४ चं प्रमाण २००३ सालचं, एच.२६५ चं २०१३ सालचं. दोन्हींचा हेतू स्वच्छ होता: कमी जागेत, कमी बँडविड्थमध्ये चांगलं चित्र पोचवायचं. ते चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सरळ बघितलं जाईल हे त्यात गृहीत होतं. एडिटर नेमकं ते करत नाही. तो ‘जे’ दाबून उलटा जातो, ‘के’ दाबून थांबतो, दोन फ्रेम मागे, एक पुढे, पुन्हा मागे. उलटं चालवताना डिकोडरला दर वेळी गटाच्या सुरुवातीला जाऊन, तिथून पुढे उलगडत येऊन, शेवटचा फ्रेम आधी दाखवावा लागतो. आणि टाइमलाइनवरचा प्रत्येक कट म्हणजे दुसऱ्याच फाइलच्या मधोमध मारलेली उडी. सेकंदाला दोन कट असलेलं गाणं चालवून पाहा, म्हणजे मशीनची दमछाक कुठे होते ते दिसेल.

‘व्हीएलसी प्लेअरमध्ये तर मस्त चालतं, मग इथेच का अडकतं?’ ही तक्रार सगळ्यांनी कधी ना कधी केलेली असते. उत्तर वर आलंच. तिथे तीच फाइल सरळ रेषेत, एकटी, इफेक्टविना चालते. तेच मशीन, तीच फाइल, आणि तरीही एका ठिकाणी सुरळीत व दुसऱ्या ठिकाणी अडखळत, यातच खरं तर ‘मशीन कमी पडतंय’ या निदानाचा फोलपणा कळून यायला हवा.

मग प्रीव्ह्यू पावावर आणला तरी फरक का पडत नाही? हा पूर्वपक्षाचा आवडता पुरावा: ‘वन फोर्थ करून पाहिलं, तरी तेच, म्हणजे मशीनच गेलं.’ इथे थोडं थांबायला हवं. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅक रिझोल्यूशनला फुल, अर्धा, पाव, एक अष्टमांश असे पर्याय असतात. त्यांचा उपयोग किती होतो हे फुटेजवर ठरतं. रेड कंपनीच्या कॅमेऱ्याचं फुटेज वेव्हलेट पद्धतीनं दाबलेलं असतं. त्यातून अर्ध्या किंवा पाव आकाराचं चित्र थेट काढता येतं, बाकीची माहिती उलगडावीच लागत नाही. तिथे पाव केलं की कष्ट खरोखर कमी होतात. एच.२६४ मध्ये तशी सोय नाही. तो फ्रेम आधी पूर्ण उलगडायचा आणि मगच लहान करायचा. त्यामुळे इफेक्ट आणि रंगकामाचा भार कमी होतो, पण डिकोडिंगचा भार जागच्या जागी राहतो. फरक पडला नाही, कारण इलाज दुसऱ्याच दुखण्यावर केला.

आता ग्राफिक कार्डाकडे वळू, कारण सगळा खर्च तिथेच होतो. लोकांची समजूत अशी की महाग कार्ड म्हणजे सगळंच जलद. पण व्हिडिओ उलगडायचं काम कार्डातल्या हजारो कोअर करत नाहीत. त्यासाठी चिपवर एक वेगळा, ठरावीक कामाचा भाग असतो. जे फॉरमॅट त्याला येतात ते तो सहज करतो, जे येत नाहीत त्यांना हातही लावत नाही. २०२० मध्ये सोनी ए७एस थ्री आणि कॅनन आर५ आले. दोन्ही एच.२६५ मध्ये १० बिट, ४:२:२ रेकॉर्ड करू लागले, म्हणजे नेहमीच्या ४:२:० च्या दुप्पट रंगमाहिती. हे फुटेज हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या कार्डांत थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. त्याआधीचं सर्वांत महाग कार्ड घेतलं असतं तरी हे फुटेज प्रोसेसरच्याच गळ्यात पडत होतं. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीच्या साध्या प्रोसेसरात, त्यातल्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला, ते येत होतं. ॲपलच्या एम१ लाही येत होतं.

यातली गंमत पाहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतात, म्हणून ते थोडे स्वस्त मिळतात. मोठं कार्ड घेणार आहोत तर अंगभूत ग्राफिक्स काय करायचेत, असा हिशोब करून कितीतरी लोक हे ‘एफ’वालेच प्रोसेसर घेतात. म्हणजे जो भाग त्यांचं फुटेज चालवू शकला असता तोच वगळून वाचवलेले पैसे, जो भाग ते चालवू शकत नव्हता त्यात घातले. ‘मोठं कार्ड घ्या’ या सल्ल्याची ही फळं.

‘फुल’ या शब्दाला जो मान मिळतो, त्याचाही हिशोब एकदा मांडून पाहावा. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल असतात. समोरचा मॉनिटर बहुधा १९२० गुणिले १०८० चा, त्यावर खाली टाइमलाइन, डावीकडे बिन, आणि कोपऱ्यात उरलेली प्रीव्ह्यूची चौकट समजा ९६० गुणिले ५४० ची. तिथे जेमतेम सव्वापाच लाख पिक्सेल मावतात. म्हणजे मशीननं सोळापट कष्ट करून चित्र उलगडायचं, रंगवायचं, आणि दाखवताना सोळा पिक्सेलचा एक करायचा. त्या चौकटीत फुल आणि पाव यांत डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, फक्त पंखा जोरात फिरायला लागतो.

पण माझा मुख्य आक्षेप पिक्सेलच्या या उधळपट्टीवर नाही. तो वेळेवर आहे. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाज हा घड्याळ असतो. आवाज खंडला तर कानाला लगेच खटकतं, म्हणून तो थांबवला जात नाही. चित्र मागे पडलं की सॉफ्टवेअर मधले फ्रेम गाळून त्याला आवाजाच्या बरोबरीला आणतं. ब्लेंडरमध्ये तर हा निर्णय तुमच्यापुढे उघड ठेवलेला आहे: सगळे फ्रेम दाखव, फ्रेम गाळ, की आवाजाशी जुळव. इतर ठिकाणी तो मुकाट्यानं घेतला जातो. प्रीमिअरमध्ये फ्रेम गळाल्याचं सांगणारा छोटा दिवा आहे; एकही फ्रेम न गळता चाललं तर हिरवा, गळला की पिवळा. तो सेटिंगच्या यादीत शोधून चालू करावा लागतो, आणि फार थोड्या लोकांनी तो पाहिलेला असतो.

हे कापणाऱ्याच्या दृष्टीनं काय आहे ते एका कटापुरतं पाहू. ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ आहे. टिपरू ढोलावर पडतं त्या फ्रेमवर कट हवा. दोन फ्रेम इकडे की तिकडे, म्हणजे ८० मिलिसेकंदांचा प्रश्न, आणि एवढ्या फरकानं ठोका ‘लागतो’ किंवा ‘सुटतो’. आता कट म्हणजे उडी, आणि उडीच्या जागीच मशीन दम घेतं, म्हणून फ्रेम गळतात ते नेमके कटाच्या आसपास. आवाजात ठोका वेळेवर पडला, चित्रात नवा शॉट दोन फ्रेम उशिरा उमटला. एडिटरला वाटतं कट उशिरा आहे. तो दोन फ्रेम अलीकडे ओढतो. एक्सपोर्ट केल्यावर कट दोन फ्रेम लवकर. मग ‘एक्सपोर्टमध्ये सिंक हलतं’ म्हणून सॉफ्टवेअरच्या नावानं खडे फोडले जातात. सिंक हललेलं नसतं; ज्या चित्रावर विसंबून निर्णय घेतला तेच उशिरा आलेलं असतं. अशा वेळी फुल दर्जाचा अडखळता प्रीव्ह्यू हा पाव दर्जाच्या सुरळीत प्रीव्ह्यूपेक्षा कमी प्रामाणिक आहे. तपशील खरा, वेळ खोटी. आणि कटाचा सगळा जीव वेळेत असतो.

जाता जाता आणखी एक. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो आणि फ्रेम आहेत २५. साठाला पंचविसानं भाग पूर्ण जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दाखवले जातात, काही तीनदा. सावकाश पॅनमध्ये यामुळे जो बारीक हिसका जाणवतो तो कितीही पैसे ओतले तरी जात नाही. मॉनिटर ५० हर्ट्झवर आणता येत असेल तर जातो.

पूर्वपक्षाचा तिसरा मुद्दा होता जुन्या युक्त्यांचा. इथे इतिहास त्यांच्या बाजूचा नाही. फिल्मच्या जमान्यात संकलन चालू असताना मूळ निगेटिव्हवर कुणी कात्री चालवत नसे. निगेटिव्हवरून एक वर्कप्रिंट काढायची, आणि मूव्हिओला नाहीतर स्टीनबेक या संकलनयंत्रावर ती फिरवायची, कापायची, टेपनं जोडायची, ग्रीज पेन्सिलनं खुणा करायच्या. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलकांच्या कितीतरी पिढ्या अशाच स्टीनबेकवर घडल्या. महिनाभरात त्या प्रिंटवर ओरखडे, जोड, पेन्सिलीच्या रेघा यांचा नुसता चिखल झालेला असे. संकलन पक्कं झालं की फिल्मच्या कडेचे आकडे बघून निगेटिव्ह कटर मूळ निगेटिव्ह तसंच्या तसं कापत असे. प्रेक्षकानं जे चित्र पाहिलं त्यावर संकलन झालंच नव्हतं, आणि ज्यावर झालं ते प्रेक्षकानं कधी पाहिलं नाही. त्या वर्कप्रिंटला कुणी गरिबाची सोय म्हटल्याचं ऐकिवात नाही.

१९८९ मध्ये संगणकावर संकलन करणारं ॲव्हिड आलं तेव्हा त्यातलं चित्र आजच्या कुठल्याही प्रॉक्सीपेक्षा वाईट होतं, कारण तेव्हाच्या डिस्कवर त्याहून चांगलं मावतच नव्हतं. तरीही संकलक वॉल्टर मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’ अर्ध्यातून फिल्मवरून ॲव्हिडवर नेला, आणि त्या १९९६ च्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर मिळालं. डिजिटल पद्धतीनं संकलित झालेल्या चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. या मर्चसाहेबांची एक सवय इथे नोंदवण्याजोगी आहे. ते एडिटिंगच्या पडद्याच्या तळाशी कागदाची कापलेली छोटी माणसं चिकटवतात, म्हणजे समोरचं चित्र चित्रपटगृहात प्रेक्षकाच्या मानानं केवढं असेल याचं भान राहतं. लहान चित्राची उणीव त्यांनी मान्य केली, आणि कागदाच्या बाहुल्यांनी भरून काढली. त्यासाठी जास्त पिक्सेलचा आग्रह धरला नाही.

आता जिथे पूर्वपक्ष बरोबर आहे ते मान्य करायला हवं, नाहीतर हे खंडन एकांगी होईल. फोकस, नॉइज, क्रोमाच्या कडा, बारीक अक्षरांची टायटलं आणि जरी-चौकड्यांवरच्या लहरी पाव चित्रात कळत नाहीत. ब्लर आणि शार्पनसारखे इफेक्ट कमी रिझोल्यूशनवर कधीकधी वेगळेच दिसतात. रंगकाम तर प्रॉक्सीवर करूच नये. पण यातली बहुतेक कामं थांबलेल्या फ्रेमवर होतात, किंवा कापाकापी संपल्यावरच्या वेगळ्या फेरीत होतात. प्रीमिअरमध्ये थांबलेल्या चित्राचं रिझोल्यूशन वेगळं ठरवता येतं, ते फुल ठेवावं आणि प्लेबॅकचं पाव. स्पेस दाबलं की चित्र क्षणात स्वच्छ होतं. एकाच वेळी एकाच खिडकीतून सगळं दिसलं पाहिजे हा हट्ट सोडला की भांडणाचा बराच भाग निकालात निघतो.

प्रीव्ह्यू कमी ठेवला तर एक्सपोर्टही कमी दर्जाचा येतो ही भीती निराधार आहे. एक्सपोर्ट मूळ फाइलींवरून होतो. अपवाद आहे तो उलट बाजूचा: एक्सपोर्ट करताना ‘यूज प्रीव्ह्यूज’वर टिक केली, तर आधी रेंडर करून ठेवलेल्या प्रीव्ह्यू फाइलीच वापरल्या जातात. प्रीमिअरच्या जुन्या आवृत्त्यांत त्या प्रीव्ह्यू फाइलींचा फॉरमॅट मुळातच हलका एमपेग असे. टाइमलाइनवरची लाल पट्टी हिरवी व्हावी म्हणून रात्रभर रेंडर करणाऱ्या आणि मग वेळ वाचवायला ती टिक मारणाऱ्या माणसानं आपलं चित्र आपल्या हातानं उतरवलेलं असे.

खर्चाचा मुद्दा राहिला. प्रोरेस ४२२ प्रॉक्सी या फॉरमॅटचा १०८० मध्ये २५ फ्रेमला डेटाचा दर सेकंदाला ३८ मेगाबिट इतका ठरलेला आहे. तासाला साधारण १७ जीबी. कॅमेरा १०० मेगाबिटनं फोर-के शूट करत असेल, तर मूळ फुटेजच तासाला ४५ जीबी असतं. दहा तासांच्या लग्नाला प्रॉक्सीची जागा १७० जीबी. एका महागड्या कार्डाच्या किमतीत अशा किती लग्नांच्या प्रॉक्सी मावतील याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. वेळ जातो हे खरं, पण तो मशीनचा जातो. संध्याकाळी लावून घरी जायचं. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यानं उलटं चालवणं, उड्या मारणं, तीन-चार कॅमेरे एकत्र लावून मल्टिकॅम कापणं, हे सगळं जुन्या लॅपटॉपवरही होतं. मल्टिकॅमलाच ‘आता मशीन तगडी आहेत’ हा युक्तिवाद कोलमडतो. चार कॅमेरे म्हणजे एकाच क्षणी चार प्रवाह उलगडायचे, आणि मशीन त्याला पुरं पडायला लागेपर्यंत कॅमेरे सिक्स-के, एट-के वर गेलेले असतात.

प्रॉक्सीमुळे प्रोजेक्ट बिघडल्याच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा ती बनवण्यातली ढिलाई असते. फ्रेम रेट मूळचाच हवा, टाइमकोड मूळचाच, फाइलचं नाव मूळचंच, आणि ऑडिओ चॅनेलही तेवढेच. चार चॅनेलच्या क्लिपला दोन चॅनेलची प्रॉक्सी प्रीमिअर जोडूनच घेत नाही. फोनवरचं फुटेज बहुधा बदलत्या फ्रेम रेटचं असतं, ते आधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून एका ठरावीक फ्रेम रेटचं करून घ्यावं आणि मगच त्याची प्रॉक्सी करावी. नाहीतर दहाव्या मिनिटाला ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. केडेनलाइव्ह आणि शॉटकटसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही प्रॉक्सीची आणि प्रीव्ह्यू लहान करण्याची सोय आहे, त्यामुळे पैशाची सबब तिथेही चालत नाही. रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक्सपोर्टच्या डिलिव्हर पानावर प्रॉक्सी वापरण्याचा एक पर्याय असतो. घाईत तो चालू राहिला, तर गिऱ्हाइकाच्या हाती मूळऐवजी प्रॉक्सीच जाते, आणि मग पूर्वपक्षाला आयतं कोलीत मिळतं.